धुराखालचं बियाणं

सिग्वातेपेके,
रविवार, २२ फेब्रुवारी २००४

प्रिय मावशी,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की, मी गावात धुराड्याच्या बारा चुली बांधल्या हे ऐकून आतिजाबाईंनी माझं कौतुक केलं. यातलं काहीच खरं नाही. चुली अकरा आहेत. बारावी तुझी, आणि ती गुडघ्याएवढी होऊन थांबली. का थांबली ते तुला सांगायला नको. तरी मी निवडीच्या फॉर्मवर बारा लिहिलं आणि पुढे 'सर्व वापरात' असंही लिहिलं. नाताळनंतर मी त्यातली एकही पाहिलेली नाही.

आणि आतिजाबाईंनी कौतुक केलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे त्याआधी धूर काय करायचा?"

मी म्हटलं, "डोळे जाळायचा. खोकला आणायचा. माझी आई त्यानेच गेली."

"ते तर झालंच," त्या म्हणाल्या. "आणखी?"

बाकीचे जेवायला उठले, मीही उठले. तुला लिहिताना मात्र 'कौतुक' असं लिहून गेले. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं की मला, ते अजून कळलेलं नाही.

आतिजाबाई मोझांबिकच्या आहेत. आम्हा नऊ जणांना त्यांच्या जिल्ह्यात दोन वर्षं चुली बांधायला जायचं आहे, म्हणून आम्हाला तयार करायला त्या तीन महिने इथे येऊन राहिल्या आहेत. पाचला उठायचं, आठपर्यंत पोर्तुगीज, मग जेवणापर्यंत माती, दुपारी पुन्हा माती, संध्याकाळी आजारांची माहिती. परवा पिवळ्या तापाची लस टोचली, दंड अजून सुजलेला आहे. जाण्याची तारीख दोनदा पुढे गेली. आता पाच मेचं विमान म्हणतात. पहिल्या वेळी मी रडले होते. या वेळी भरलेली बॅगसुद्धा उघडली नाही.

काल माती मळताना एकदम आठवलं. आपल्याकडे चुलीच्या वरच्या आढ्याला बियाण्याची कणसं टांगतात. ओंदिनाकाकूंकडे तर दोन रांगा असतात. त्या कणसांना आता धूर लागत नसेल. ती ठीक आहेत ना? तेवढं बघून लिही.

तुझी
नोल्विया

---

ओहो दे आग्वा,
४ मार्च

नोल्विया पोरी,

अकरा की बारा, मोजायला कोण बसलंय? तुझ्या अर्ध्या चुलीत पिवळी कोंबडी रोज एक अंडं घालते. म्हणजे वापरात आहेच की. तू लिहिलंस ते बरोबरच आहे.

मी चूल पुरी होऊ दिली नाही म्हणून तू अजून फुगून बसली आहेस, हे मला कळतं. थंडी वाजते ग मला. तुझी चूल भाकरी भाजते, पण माणसाला शेकत नाही. माझे गुडघे जुन्या विस्तवाचे सोयरे आहेत.

बियाण्याचं विचारलंस. कणसं जिथे असायला हवीत तिथे आहेत. लहानपणी तू अंथरुणातून विचारायचीस, मावशी, कोंबड्यांचे पाय गार पडले असतील का? मी उठून बघून यायचे, मग तू झोपायचीस. तेव्हाही मी दर वेळी बघत नव्हते, दारापर्यंत जाऊन परत यायचे. पण कोंबडी एकही मेली नाही.

गेल्या आठवड्यात आरोग्य खात्याची बाई ओंदिनाकडे आली होती. त्या दिवशी तुझी चूल अशी पेटली म्हणून सांगू, सगळा धूर सरळ वर. बाईने फोटो काढला. ओंदिना नवा फडका डोक्याला बांधून उभी होती, जसा काही तिचाच साखरपुडा.

बसच्या माणसाबरोबर मक्याच्या कडक भाजलेल्या रोस्कियास पाठवते आहे. सगळ्या वाटून टाकू नकोस. त्या मोझांबिकच्या बाईला दोन दे, म्हणजे कौतुक करील.

एदुविहेस

---

सिग्वातेपेके,
रविवार, १४ मार्च

प्रिय मावशी,

रोस्कियास मिळाल्या. आतिजाबाईंना चार दिल्या. एक खाऊन त्या म्हणाल्या, "हे बिस्किट आहे की वीट?" मग उरलेल्या तिन्ही चहात बुडवून संपवल्या.

बियाणं ठीक आहे हे वाचून मी शांत झोपले. पण दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. तू लिहिलंस, बाई आली 'त्या दिवशी' चूल पेटली. मग इतर दिवशी? मी त्यावर फार विचार केला आणि मला वाटतं मला कारण कळलं. धुराडं तुंबलं असणार. मी सगळ्यांना सांगितलं होतं की दर पंधरा दिवसांनी लांब काठीला मक्याची सुकी पानं बांधून काजळी पाडा. ते कोणी करत नसणार. तुंबलं की धूर घरात येतो, मग बाया कंटाळून जुनीच चूल पेटवतात. तू प्रत्येकीकडे जाऊन एवढं सांग. आणि सांग की एवढा आळस बरा नाही, पंधरा दिवसांतून एकदा हात काळे झाले तर काही बिघडत नाही.

इथे माझी परीक्षा झाली. प्रत्येकाने एकट्याने एक चूल बांधायची होती. माझी सर्वांत आधी झाली, भिंत गुळगुळीत, तवा पाण्यासारखा सपाट. इंजिनीअर वायादारेस, म्हणजे आमचे प्रमुख, येऊन हात फिरवून गेले. मग आतिजाबाई त्यांचं पातेलं घेऊन आल्या. गोल बुडाचं. ते तव्यावर ठेवलं तर डुलायला लागलं. त्यांच्याकडे मक्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवतात आणि खाली बसून, पातेलं पायांनी धरून, दोन्ही हातांनी घाटतात. माझी चूल त्यांच्या छातीपर्यंत येत होती.

"मी काय घोड्यावर बसून रांधू?" त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले. आम्ही भाकऱ्या थापणारी माणसं, मावशी. चूल म्हटलं की आम्हाला उभी बाई आणि सपाट तवा दिसतो. नऊच्या नऊ जणांनी तशीच बांधली होती. इंजिनीअर साहेबांनीसुद्धा त्यात काही वावगं पाहिलं नाही. आम्ही सगळ्या पाडल्या आणि दुसऱ्या दिवशी बुटक्या, खोलगट बांधल्या. माझे हात अजून भेगाळलेले आहेत.

हसणं संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या गावात बांधायच्या आधी तू बायकांना काय विचारलंस?" मी खरं सांगितलं. मी विचारलं होतं, चूल कुठल्या कोपऱ्यात हवी. एवढंच.

तुझी
नोल्विया

---

ओहो दे आग्वा,
२७ मार्च

नोल्विया,

तुझा निरोप सगळ्यांना दिला. आळसाचं मी गाळणार होते, पण तू विचारशील, मावशी, शब्दन् शब्द सांगितलास का, म्हणून तेही सांगितलं. सेफेरिना म्हणाली, "तिला म्हणावं, काठी घेऊन तूच ये, माझ्या नवऱ्याचीही काजळी पाड." ओंदिनाने मला कॉफी दिली.

धुराडी स्वच्छ आहेत. मी डोळ्यांनी पाहिली. आता हा विषय बंद.

इथे थंडी सरली. माझा खोकला आहे तसाच आहे. या वर्षी खालचं शेत पडीक ठेवते आहे, गुडघा उतरणीला साथ देत नाही. वरच्या तुकड्यात माझ्यापुरतं पिकेल.

तू थकली आहेस हे तुझ्या अक्षरावरून दिसतं, ओळी खाली उतरतात. नीट जेव. आता एक महिना उरला आहे, तो त्या बाईकडून शिकण्यात घालव, आमच्या काळजीत नको. पुढचं पत्र तिकडून लिही. त्यावर तिकडचं तिकीट असू दे, म्हणजे मी पोस्टात सगळ्यांना दाखवीन.

एदुविहेस

---

सिग्वातेपेके,
रविवार, १८ एप्रिल

प्रिय मावशी,

पुढचं पत्र तिकडून लिही म्हणालीस, पण हे इथूनच लिहावं लागतं आहे.

काल ओंदिनाकाकू इथल्या बाजारात बटाटे घेऊन आल्या होत्या. बटाटे लवकर संपले म्हणून मला भेटायला आल्या. मी त्यांना आमच्या बुटक्या चुली दाखवल्या. त्या एका चुलीपाशी उकिडव्या बसल्या, आत हात घातला, आणि वर छताकडे बघून म्हणाल्या, "इथेही वर काही टांगता येणार नाही ग."

मी विचारलं, "काय टांगायचं?"

"अग, कणसं. पण तिकडच्या लोकांची रीत वेगळी असेल." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "मावशीने लिहिलं असेल ना तुला?"

मी हो म्हटलं. मावशी, मी खोटं बोलले, आणि ते खोटं बोलले म्हणूनच मला खरं कळलं. त्या मोकळेपणाने सांगत बसल्या. जानेवारीत त्यांनी आढ्यावरचं एक कणीस सोलून पाहिलं तर दाण्यादाण्याला भोक होतं, आणि कणीस झटकलं तर सोंडे, ते दाणे पोखरणारे किडे, ओंजळीत पडले. सेफेरिनाकडेही तेच झालं. एकूण सात घरांत. बियाण्याची कणसं कोंबड्यांना टाकली. "इतकी वर्षं धूर ते राखत होता, हे आम्हालाही सोंडे दिसल्यावर उमगलं," त्या म्हणाल्या. "कणसं तिथे टांगतात म्हणून आम्ही टांगायचो." तेव्हापासून त्या सात घरांत जुना विस्तव पुन्हा पेटतो, आणि माझी चूल आरोग्य खात्याची बाई आली की.

"मग पेरणार काय?" मी विचारलं.

"का? मावशीचं," त्या म्हणाल्या. "तिच्याकडेच तर धूर होता. तिने सातही घरांना भोपळ्याचे तुंबे भरभरून दिलं. काळा मका, लाल मका, सगळं. आणि क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, नोल्वियाला कळता कामा नये. आता तू जाणारच आहेस, म्हणून बोलले. तिला सांगू नको हं, मला झाडूने मारील."

म्हणजे खालचं शेत गुडघ्यामुळे पडीक राहत नाही.

आणि या बायकांना मी निरोप पाठवला की आळस बरा नाही. तो तू शब्दन् शब्द सांगितलास. ओंदिनाकाकूंनी तो ऐकला, तुला कॉफी दिली, आणि काल मला भेटायला येताना सहा अंडी आणली. मी ती घेतली. हे लिहिताना कान गरम होताहेत.

आता मला खरं लिही. काही गाळू नकोस.

नोल्विया

---

ओहो दे आग्वा,
२२ एप्रिल

पोरी,

ओंदिनाला झाडू दाखवून झाला. ती हसत होती.

हो, दिलं. जानेवारीत तुझं निवडीचं पत्र आलं त्याच आठवड्यात सेफेरिना ओंजळभर सोंडे घेऊन दारात उभी राहिली. मी तुला लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बसमधून उतरली असतीस. म्हणून लिहिलं नाही. माझ्याकडे बियाणं होतं, त्यांच्याकडे नव्हतं, यात लिहिण्यासारखं तरी काय होतं?

तू म्हणतेस काही गाळू नकोस, तर हेही ऐक. अकरापैकी चार घरं तुझी चूल रोज पेटवतात. त्यांनी कणसं राखेत घालून मडक्यात ठेवली होती, त्यांच्या आयांची रीत. ओंदिनाच्या नातीचा खोकला तुझ्या चुलीने थांबला होता, जुना विस्तव पेटल्यावर पुन्हा सुरू झाला. ओंदिना ते बोलणार नाही, मी बोलते. चूल वाईट नाही. तुझी आई शेवटचे दोन महिने बसून झोपायची. मला कोणी सांगायला नको धूर काय करतो.

माझी चूल मी का थांबवली ते मला नीट सांगता येत नाही. थंडी आहेच. पण त्या दिवशी तू पहिल्या विटा रचल्यास आणि मी वर बघितलं, कणसांकडे, आणि मला कसंसंच झालं. तेव्हाच तुला बोलायला हवं होतं. तू इतक्या घाईत होतीस, इतकी खूष होतीस, आणि मला वाटलं, शिकलेली आहे, तिला माहीत असेल. चूक माझीही आहे. ती माझ्याकडे राहू दे.

मी सत्तावन्न वर्षांत जवळच्या ला एस्पेरान्सा शहराच्या पुढे गेलेले नाही. तू समुद्रापलीकडे चालली आहेस. बियाणं एका वर्षाने पुन्हा होतं. तू मुकाट्याने विमानात बस. इकडे येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही.

एदुविहेस

---

सिग्वातेपेके,
मंगळवार, २७ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोन दिवस ते खिशात घेऊन माती मळली. काल दुपारी इंजिनीअर साहेबांच्या खोलीत गेले. आतिजाबाईही तिथे होत्या. मी माझा फॉर्म मागून घेतला, 'बारा' खोडून 'अकरा' लिहिलं, 'सर्व वापरात' खोडून 'चार वापरात' लिहिलं, आणि बियाण्याचं सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "पोरी, जायला आठ दिवस नाहीत आणि तू स्वतःच स्वतःचं तिकीट फाडतेस? तिकडे कोणी तुझ्या गावात येऊन मोजणार आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

मी म्हटलं, "मोजणार नाही म्हणूनच."

ते आतिजाबाईंकडे वळले. त्या म्हणाल्या, "माझ्या आईच्या चुलीवरही कणसं टांगलेली आहेत. मी पहिल्या आठवड्यापासून वाट पाहत होते, नऊ जणांतलं कोण कणसांबद्दल विचारतंय." मग मला म्हणाल्या, "तू मे महिन्यात आलीस तर मी तुला घेईन. पण माझ्या आईला काय सांगशील, ते तुला अजून माहीत नाही."

ते खरं आहे. धूर नको आणि सोंडेही नकोत, याला काय करायचं ते मला माहीत नाही. राखेची मडकी चार घरांना जमली, सातांना का नाही, हेही माहीत नाही. कदाचित धुराड्याला आढ्याकडे उघडणारी एक झडप ठेवता येईल, आठवड्यातून एकदा माणसं बाहेर असताना उघडायची. कदाचित ते चुकीचं असेल. हे मी इथल्या अंगणात शोधू शकत नाही. इथे छताला काही टांगलेलं नाही. आणि तिकडे पन्नास घरांत मी हीच चूक केली, तर तुंबे भरून द्यायला तिथे तू असणार नाहीस.

गट सोमवारी सकाळी सहाला राजधानीकडे निघतो. मी त्यांच्याबरोबर नसेन. साहेब म्हणाले, पुढचा गट सप्टेंबरात, समितीला पटलं तर. कागद सगळे पहिल्यापासून करावे लागतील. लस तेवढी दहा वर्षं चालते. या गटातून नाव काढण्याच्या कागदावर मी सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसले. रडायला येईल असं वाटलं होतं, पण फक्त झोप आली.

तू दार उघडणार नाहीस म्हणालीस. ठीक आहे, मी कोंबडीच्या अर्ध्या चुलीवर बसून राहीन. मला शाळेत घालायच्या आधी, मी सहा वर्षांची असताना, तू कोळशाने फळीवर अक्षरं काढून घ्यायचीस. एक चुकलं की मला पुढची ओळ लिहू द्यायची नाहीस. मी म्हणायचे, मावशी, खाली किती जागा आहे, तिथे नीट लिहिते. तू म्हणायचीस, आधी हे पूस. ती सवय तूच लावलीस, आता माझ्यावर रागावून काय उपयोग?

सगळी घरं बियाणं घेऊन गावच्या क्रूसापाशी एकत्र येतात असा वर्षातला एकच दिवस आहे, पेरणीआधीचा क्रूसाचा सण. मी पहिल्या बसने निघेन, दुपारी बारापर्यंत क्रूसापाशी पोहोचेन. ओंदिनाकाकू, सेफेरिना, सगळ्या तुंबे घेऊन उभ्या असतील. त्यांच्यासमोर मी सांगेन की धूर काय करतो हे मी विचारलं नव्हतं, आणि आळसाचा निरोप परत घेईन. मग विचारेन. या वेळी कोपऱ्याचं नाही. तुझ्या तुंब्यात उरलंय तेवढं आपण दोघी खालच्या शेतात पेरू. उतरणीला तू माझा दंड धर, सूज उतरली आहे.

बसच्या माणसाला मी सांगून ठेवलं आहे. सोमवार, तीन मे.

तुझी
नोल्विया